भोपळ्याचा छेद अ-अ

मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर घरच्यांनी तुमच्याकडे जरा लक्ष द्यायला हवं. एका भोपळ्यापायी माझा हात मोडला. भोपळा अंगावर पडून नव्हे. असल्या फुटकळ कारणाने हात मोडून घेणाऱ्यांतला मी नाही. भोपळा त्याच्या जागी होता, मी माझ्या जागी होतो, आणि जे झालं ते समोरासमोर, आधी एकमेकांना वाकून नमस्कार करून झालं. म्हणजे मी केला. भोपळ्याने केला की नाही ते पुढे येईल.

हेच मी गुरुवारी हाडांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला सांगितलं, तर त्याने फॉर्मवर ‘इजेचे कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘घसरून पडले.’ बांधकाम खात्याच्या नकाशा शाखेत मी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. माझ्या रेघेवर पूल उभे आहेत. अशा माणसाला ‘घसरून पडले’! आणि अक्षर कसलं, कोंबडीने शाईत पाय बुडवून दिल्यासारखं. मी फॉर्म ओढून घेतला, पट्टी धरून ती ओळ खोडली आणि वर एकसारख्या उंचीच्या अक्षरांत लिहिलं, ‘भोपळा (समोरासमोर).’ खाली छापलं होतं, ‘उजवा / डावा. नको तो खोडा.’ मी कोणताच खोडला नाही. दोन्ही हात माझेच, नको कुणाला म्हणायचं?

सोबत माझी नात होती. खरं तर आमची ही येणार होती, पण ती म्हणाली, “तुमच्याबरोबर दवाखान्यात बसायचं म्हणजे तुमचं ऐकत बसायचं. ते मी घरी करतेच की.” नात नऊ वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून कराटेच्या वर्गाला जाते. तिथे सर पोटातून ओरडायला शिकवतात. ती विद्या तिला इतकी चढली की तिला आता हळू बोलताच येत नाही. जेवताना “आजी, मीठ!” म्हणाली की खालच्या मजल्यावरचे लोक मिठाचा डबा घेऊन वर येतात. दवाखान्यात शिरताच तिने मला विचारलं, “आजोबा, आपला नंबर कितवा?” समोरच्या बाकावर मानेला पट्टा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांची मान तीन आठवडे हलली नव्हती, ती हलली. कंपाउंडरने भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे बोट दाखवलं. नातीने ओठ घट्ट मिटले, गुडघ्यांवर मुठी ठेवल्या आणि वर्गात बसतात तशी ताठ बसली. हे लक्षात असू द्या. पुढचा अर्धा पाऊण तास ती एक अक्षर बोललेली नाही.

आमच्या पुढे अकरा जण होते. शेजारी एक भरदार गृहस्थ दोन्ही गुडघे चोळत बसले होते. त्यांनी माझ्या गळ्यातल्या झोळीकडे पाहिलं, मग फॉर्मकडे पाहिलं आणि म्हणाले, “भोपळा? म्हणजे आपला साधा भोपळा?”

त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. मी आपणहून कधीच सांगत नाही.

“साधा म्हणू नका,” मी म्हणालो. “रविवारी माझ्या नातीच्या कराटे वर्गाचा वार्षिक कार्यक्रम आहे. सरांनी परिपत्रक काढलं की प्रत्येकाने एक कोरलेला भोपळा आणायचा. विषय कराटे. आत दिवा ठेवायची सोय हवी. सगळे भोपळे व्यासपीठावर रांगेत मांडणार. ही झाली पहिली बाब. दुसरी बाब त्याच कागदावर, जाड ठशात: ‘विशेष आकर्षण, आजोबांचे प्रात्यक्षिक. नऊ कौले, एक हात.’”

“कोणाचे आजोबा?” मानेच्या पट्ट्याच्या बाईंनी डोळे तेवढे फिरवून विचारलं.

मी झोळीतल्या हाताकडे बघून उसासा सोडला. काही प्रश्नांना उसासा पुरतो.

त्याचं असं आहे. मी तरुणपणी एका फटक्यात कौलं फोडायचो. नातीला ही हकीकत मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि कौलंही चार होती. मग दरवर्षी एकेक आठवत गेलं. आठवणी अशा हप्त्याहप्त्यानेच परत येतात. ती नऊची झाली तेव्हा कौलंही नऊ झाली, आणि हे तिने वर्गात सांगितलं. तिच्या वर्गात एक उंच मुलगी आहे. ती म्हणाली, “माझे आजोबा तर नारळसुद्धा दुसऱ्याकडून फोडून घेतात. तुझे काय फोडणार? खोटं!” यावर माझ्या नातीने काय करावं? आपला पिवळा पट्टा सोडून सरांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, “आजोबांनी रविवारी नऊ कौलं फोडली नाहीत तर हा हिचा.” दोन वर्षं पहाटे उठून घरी सराव करून, घोटे सोलून मिळवलेला पट्टा! हे ऐकलं तेव्हा मी चहा पीत होतो. कप खाली ठेवायचा राहिला. तो अजून माझ्या हातात असता, पण हिने काढून घेतला.

“मग तुम्ही फोडणार होतात?” गुडघेवाले म्हणाले.

“फोडणार म्हणजे? हात शिवशिवत होता! पण आधी पहिली बाब. सरकारी माणूस बाबी क्रमानेच घेतो.”

तर भोपळा. मी बाजारात गेलो. आमची भाजीवाली भोपळा फाकेने विकते. मी अख्खा मागितला तेव्हा तिचा कोयता हवेतच थांबला. “अख्खा? घरी माणसं किती?” मी म्हणालो, “माणसांसाठी नाही, कराटेसाठी.” ती दोन पावलं मागे सरली. मी खिशातून फूटपट्टी, ओळंबा आणि कॅलिपर काढलं आणि एकेक भोपळा मोजायला लागलो. घेर, उंची, देठाचा कल. सात भोपळे नापास केले. ती म्हणाली, “काका, भोपळा घेताय की प्लॉट?”

घरी आल्यावर मी जेवणाचं टेबल रिकामं करून घेतलं, ट्रेसिंग पेपर ताणून लावला आणि कामाला बसलो. आता तुम्हाला कल्पनांचं सांगतो, कारण हल्ली लोकांच्या डोक्यात कल्पनाच नसतात. माझी पहिली कल्पना होती, नमस्कार करणारा भोपळा. बूड असं तिरकं कापायचं की अख्खा भोपळाच पुढे झुकावा. दुसरी, भोपळ्याच्या कंबरेला गाठीसकट पट्टा कोरायचा. यात अडचण एवढीच की भोपळ्याला कंबर नसते, किंवा असलीच तर सगळी कंबरच असते. तिसरी, पोटातून ओरडणारं तोंड. दिवा लावला की आरोळीच्या जागी उजेड बाहेर यावा. आणि चौथी, सगळ्यात देखणी, हवेत उडी घेऊन लाथ मारणारा कराटेपटू. मी चारही काढल्या. नुसतं चित्र नाही. वरून दिसणारा नकाशा, समोरून दिसणारा, बाजूने दिसणारा आणि छेद. प्रत्येक कागदाला क्रमांक, तारीख, सही. भो-एक ते भो-चार.

मग मी भो-एकचं ट्रेसिंग भोपळ्यावर चिकटवलं आणि भोपळा हिच्या स्वाधीन केला.

“मला कशाला?” ही म्हणाली.

“मी नकाशा शाखेचा माणूस. चौतीस वर्षांत मी एक वीट उचललेली नाही. काढणं आमचं, बांधणं दुसऱ्या शाखेचं. त्यांची सुरी, त्यांची जबाबदारी.”

मी अर्धा तास आडवा झालो. उठून स्वयंपाकघरात जातो तो भोपळ्याचे दोन तुकडे! देठापासून बुडापर्यंत, अगदी मधोमध, आरशासारखे. बिया काढून धुऊन चाळणीत वाळत घातलेल्या. मी ओट्याचा आधार घेतला.

“हे काय केलंस?”

“तुम्ही रेघ मारली होती तिथे कापलं. कागदावर सुद्धा लिहिलंय, छेद अ-अ.”

“अगं, छेदरेषा काल्पनिक असते! इथे कापलं तर आत कसं दिसेल ते सांगणारी ती रेघ. तिथे कापायचं नसतं!”

“कापायचं नव्हतं तर रेघ मारलीत कशाला?”

चौतीस वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं. दोन रात्रींचं आणि दोन दुपारींचं जेवण त्या छेदाचंच झालं. भाजी करताना ही प्रत्येक फोड उचलून विचारायची, “ही काल्पनिक की खरी?”

या ठिकाणी मानेच्या पट्ट्याच्या बाई हसल्या आणि लगेच “आई गं” म्हणाल्या. मी थांबलो. दुसऱ्याच्या दुखण्याचा मान ठेवावा. गुडघेवाले म्हणाले, “पुढे, पुढे!”

पुढे मी स्वतः सुरी हातात घेतली. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही, पण नकाशा शाखेचा माणूस हातात हत्यार घेतो तेव्हा खात्यातल्या जुन्या फायली आपोआप कूस बदलतात. नवा भोपळा आणला. वरचं झाकण कापलं, गर काढला आणि भो-चार लावला, उडती लाथ. बाह्यरेषा धरून सावकाश कापत गेलो. डोकं, खांदा, ताणलेला पाय, अंगठ्याचं नख. एकही जागा सोडली नाही. अर्धवट काम मला खपत नाही. सुरी जिथून निघाली तिथे परत येऊन टेकली, मी नातीला बोलावलं आणि म्हणालो, “बघ!” नातीने पाहिलं. मी पाहिलं. आमच्या डोळ्यांसमोर त्या कराटेपटूने थोडा विचार केला आणि अख्खाच्या अख्खा आत पडला.

नात किंचाळली, “आजोबा, माणूस आत पडला!”

तिचं ते किंचाळणं म्हणजे काय, ते तुम्ही मघाशी ऐकलंय. दोन मिनिटांत जिन्यात सगळी इमारत. कोणी दोर आणला, कोणी शिडी. समोरच्या दारातला दंतवैद्य पांढऱ्या कोटातच धावत आला. “कुठे पडला? दात शाबूत आहेत ना?” मी भोपळ्याकडे बोट दाखवलं. त्याने आत डोकावून पाहिलं. अशा वेळी सज्जन माणूस निघून जातो. हा बसला.

“आजोबा,” तो म्हणाला, “सुरीने हे काम होत नाही. माझ्याकडे ड्रिल आहे.”

मला कल्पना पटली, हे मी कबूल करतो. तिसरा भोपळा त्याच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर बसवला, खुर्ची मागे कलती केली, वरचा दिवा लावला. विषय भो-तीन, ओरडणारं तोंड. मी त्यात दात वेडेवाकडे काढले होते, चवताळलेले. दंतवैद्याने ते पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. “हे असे ठेवायचे?” म्हणाला. मी म्हणालो, “असेच.” तो हो म्हणाला, पण हात ऐकेना. एक सरळ केला. मग त्याच्या शेजारचा त्याला शोभेना म्हणून तोही सरळ केला. तासाभराने भोपळ्याच्या तोंडात बत्तीस दात, शुभ्र, एका ओळीत. सवयीने त्याने भोपळ्याला सांगितलंसुद्धा, “आता चूळ भरा, आणि आज काही कडक खाऊ नका.” तो भोपळा मी घरी आणला तेव्हा ही म्हणाली, “हा मारायला आलेला नाही, मतं मागायला आलाय.”

नात गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा घरात फार मोठा आवाज होतो. मग म्हणाली, म्हणजे ओरडली, “आजोबा, भोपळा राहू दे. तुम्ही कौलांची प्रॅक्टिस करा!”

नऊ कौलं सरांनी आणून सभागृहात ठेवलीही होती. मी जाऊन पाहिली होती. हल्ली कौलं फार जाड करतात. आमच्या वेळी... असो.

“आधी भोपळा,” मी म्हणालो. “क्रम म्हणजे क्रम.”

क्रम म्हणताच इमारतीचा सेक्रेटरी आला. या माणसाला नियमावली पाठ आहे, आणि जिथे पाठ नाही तिथे तो नवीन नियम करतो. सभागृह इमारतीचंच, त्यामुळे कार्यक्रम त्याच्या परवानगीने. म्हणाला, “नियम अकरा. सभागृहात खाद्यपदार्थ आणायला मनाई आहे.”

“हा खाद्यपदार्थ नाही, कलाकृती आहे.”

“मग तीन दिवस तुमच्या घरातून भाजीचा वास येतोय तो कलेचा?”

शेवटी ठरलं की मी तीन प्रतींत अर्ज द्यायचा, ‘सदर भोपळा शोभेचा असून तो कोणीही खाणार नाही.’ खाली घरातल्या सर्व खाणाऱ्यांच्या सह्या. ही सही करेना. म्हणाली, “मी लिहून देणार नाही. रविवारनंतर तो मीच खाणार आहे.” सेक्रेटरी म्हणाला, “मग मला स्वतः येऊन पाहणी करावी लागेल. बुधवारी अकरा वाजता भोपळा दाखवा.”

आता माझ्याकडे दाखवायला होता एक बत्तीशीवाला उमेदवार. मी रात्रभर... नाही, झोपलो होतो, पण सकाळी विचार केला. दोष हाताचा नव्हता, प्रमाणाचा होता. उडी मारणारा माणूस एवढ्याशा भोपळ्यात मावणार कसा? जागाच नाही, म्हणून तो आत पडला. मी भाजीवालीला सांगितलं, “तुझ्या गावाकडचा सगळ्यात मोठा आण.” ती म्हणाली, “काका, जरा आवरा.” मी म्हणालो, “आण.”

बुधवारी अकरा वाजता सेक्रेटरी आत आमच्या कोचावर नियमावली उघडून बसला होता. नात शाळेत होती, हे केवढं दुर्दैव! आणि खालून आरोळी आली. खिडकीतून पाहतो तो हातगाडीवर सूर्य उगवलेला. चार माणसांनी तो जिन्याने वर आणला. तिसरा मजला. प्रत्येक मजल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि माझ्या पूर्वजांची चौकशी केली. दाराशी मी मोजपट्टी लावली. दार नव्वद सेंटिमीटर, भोपळा नव्वद सेंटिमीटर. मी म्हणालो, “ढकला!” दाराची कडी मी मापात धरलीच नव्हती. ती आतून दीड सेंटिमीटर पुढे येते. चौघांनी ढकलला आणि तो बसला, बाटलीला बूच बसावं तसा. आत मी, ही आणि सेक्रेटरी. बाहेर जग.

“मागचं दार?” मानेच्या पट्ट्याच्या बाई म्हणाल्या.

“मागे गॅलरी. खाली तीन मजले.”

“मग सुरीने कापायचा की!” गुडघेवाले म्हणाले. “आतून कापत यायचं.”

माणूस हाडांनी कच्चा असला तरी डोक्याने पक्का होता. मला क्षणभर थांबावं लागलं. “सुऱ्या दंतवैद्याकडे,” मी म्हणालो. “धार लावायला दिल्या होत्या. सगळ्या. विळीसकट.”

“अरेरे,” गुडघेवाले म्हणाले.

सेक्रेटरीला घाम फुटला. “मला बारा वाजता पाण्याच्या टाकीच्या सभेला जायचंय!” तो आतून भोपळ्याला धडका द्यायला लागला. मग नियमावली उघडून पाहिली. दारात भोपळा अडकल्यास काय करावे, याचा नियम नव्हता. मी त्या माणसाला पहिल्यांदा असा निराधार पाहिला. बाहेरून कोणीतरी सरांना बोलावलं. हे सर म्हणजे एकदम सालस माणूस. सकाळी चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, संध्याकाळी मुलांना लाथा मारायला शिकवतात. ते आले. चष्मा काढून दंतवैद्याच्या हातात दिला. आम्हाला आतून दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. एक आरोळी. मग ‘धप्’. मग सरांचा बारीक आवाज, “याला अजून थोडं पिकू द्यायला हवं.”

मग मी उठलो.

इकडे दवाखान्यात कंपाउंडर औषधाची बाटली हातात घेऊन दारातच थांबला होता. अकरा जणांतले पहिले दोन आत जाऊन आले होते, ते घरी जायचे थांबले होते.

“मी बाह्या सरसावल्या,” मी सांगितलं. “हिने म्हटलं, ‘अहो, या वयात?’ मी म्हणालो, ‘हिंमत जन्मतारीख विचारत नाही.’ भोपळ्यासमोर तीन पावलांवर उभा राहिलो. वाकून नमस्कार केला. आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, दाराच्या चौकटीत तो भोपळा किंचित पुढे झुकला! माझी पहिली कल्पना, भो-एक, न कोरता खरी झाली. मी श्वास घेतला. पोटातून. हा उजवा हात वर गेला, नऊ कौलांचा हात, चाळीस वर्षं विश्रांती घेतलेला. आणि खाली आला. एकच फटका! पहिल्यांदा काही झालं नाही. मग देठापाशी बारीकशी रेघ उमटली. ती रेघ खाली उतरत गेली, अगदी ओळंब्यात, आणि भोपळ्याचे दोन समान भाग होऊन एक डावीकडच्या दारात पडला, एक उजवीकडच्या. मधून सेक्रेटरी बाणासारखा टाकीच्या सभेला गेला. ही पुढे आली, तुकड्यांकडे पाहिलं आणि काय म्हणाली असेल? म्हणाली, ‘बघा! मी इथेच कापला होता. छेद अ-अ!’”

गुडघेवाल्यांनी दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या आणि विव्हळले. मानेच्या पट्ट्याच्या बाई म्हणाल्या, “आणि सर?”

“सर दारात उभे होते. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. डोळ्यांत पाणी होतं, भोपळ्याचा रस उडाल्यामुळे असेल. मी म्हणालो, ‘सर, रविवारी भेटू, कौलं तयार ठेवा.’ आणि तेव्हाच हातातून कळ आली. सर म्हणाले, ‘आजोबा, तुम्ही आता काही फोडायचं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी आणा, कारण कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे. चिठ्ठी असली की पैज रद्द, आणि पट्टा तुमच्या नातीचाच.’ म्हणून आलोय. नाहीतर एवढ्याशा दुखण्यासाठी डॉक्टरांचा वेळ घेणाऱ्यांतला मी नाही. फक्त एक ओळ हवी आहे, ‘या हाताने सहा आठवडे काहीही फोडू नये.’ त्या ओळीवर एका मुलीची दोन वर्षं अवलंबून आहेत.”

मग एक विलक्षण गोष्ट घडली. सगळ्यात पुढे ज्यांचा नंबर होता ते पाय प्लॅस्टरमध्ये असलेले गृहस्थ म्हणाले, “आजोबा, तुम्ही आधी जा.” त्यांच्या मागच्या बाई म्हणाल्या, “जा, जा.” सगळी रांग बाजूला झाली. कंपाउंडरने फॉर्म उचलला, ‘भोपळा (समोरासमोर)’ हे शब्द पुन्हा वाचले आणि या वेळी आदराने म्हणाला, “या, सर.” चौतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी सर म्हटलं नव्हतं. दार उघडलं. आतून डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. मी उठलो, मान ताठ केली, झोळी सावरली.

तेवढ्यात नातीने माझा सदरा ओढला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आजोबांच्या पराक्रमाने पोर हादरली. तिने बोटाने खुणावलं, वाका म्हणून. मी वाकलो. तिने भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे एकदा पाहिलं, माझ्या कानाशी दोन्ही हातांचा द्रोण केला, आणि तिला जेवढं हळू बोलता येतं तेवढं हळू, अगदी कानात, म्हणाली:

“आजोबा! भोपळा उजव्या हाताने फोडलात आणि झोळी डाव्या हाताला घातलीत! डॉक्टर बघायच्या आत बदला, नाहीतर माझा पट्टा जाईल!”